दुनळीच्या नळीवरची नक्षी: कोरलेली, ओतलेली की घडवलेली?

माणदेशी_गडी

नमस्कार मंडळी. आमच्या घरी एक जुनी दुनळी म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे, बारा बोअर, बाहेरून घोडे असलेली. पणजोबांनी घेतलेली, नंतर आजोबांच्या नावावर आणि आता वडिलांच्या लायसन्सवर. तिचं काम काही राहिलं नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, आता निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, आचारसंहिता उठली की घरी आणायची आणि खंडेनवमीला पूजेत मांडायची. यावेळी आणल्यावर वडिलांनी तेल लावून पुसायला माझ्याकडे दिली, मी ती अंगणात उन्हात तिरकी धरली तर दोन्ही नळ्यांवर टोकापासून बुडापर्यंत बारीक कुरळ्या रेषा दिसल्या, एकाशेजारी एक, अगदी ओळीनं. आजवर ते गंजाचे डाग असतील असंच घरात सगळे धरून होते.

आता गावात तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला ही कोरीव नक्षी आहे. दुसऱ्याच्या मते हे दमास्कस पोलाद, म्हणजे आपलंच जुनं वुट्झ, ज्याच्या तलवारी व्हायच्या तेच. तिसरे एक जाणकार म्हणाले एमरी पेपर मारून काळं ब्लूइंग (लोखंडावर काळा-निळा रंग चढवतात ते) करून घे, नव्यासारखी दिसेल. मला आधी ही नक्षी कशी येते ते समजून घ्यायचंय, मगच हात लावीन. कुणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा, लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचतो.

ऐरणीजवळचा

भावा पहिलं सांगतो, एमरी पेपर अजिबात लावू नको. बाकी वाचून झाल्यावर ठरव पण तोवर तरी नको.

मी लोहाराच्या घरातला, आता आमचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे पण आजोबांचा भाता अजून आहे, त्यामुळे यात मला पहिल्यापासून रस. ही नक्षी कोरलेली नाही आणि ओतलेली पण नाही. ती धातूच्या आत आहे, वरून दिसतो तो फक्त तिचा काप. नीट सांगतो.

सुरुवात होते नरम लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्यांपासून. एकावर एक, आलटून पालटून रचायच्या, गठ्ठा बांधायचा, भट्टीत पार पांढरा होईपर्यंत तापवायचा आणि घणाखाली एकजीव करायचा. मग तो गठ्ठा ओढून ओढून बोटापेक्षा बारीक चौकोनी कांब करायची. आता या कांबीच्या आत लोखंड-पोलादाचे थर सरळ उभे पडलेत. ही कांब परत तापवून एक टोक पक्कं धरायचं आणि दुसरं टोक फिरवायचं, सुंभाला पीळ भरतात तसा तिला पीळ भरायचा, इतका की कांब लांबीला चांगलीच आखूड होते. अशा दोन किंवा तीन कांबी, भारी कामात त्याहून जास्त, शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीचा पीळ डावा तर शेजारणीचा उजवा, आणि त्या परत तापवून एकमेकींना जोडून एक चपटी पट्टी करायची. आणि ही पट्टी मग लोखंडी गजाभोवती तिरकी गुंडाळायची, कडेला कड लावून, म्हणजे लांब स्प्रिंगसारखी वस्तू तयार होते, तिच्या प्रत्येक वेढ्याची कड शेजारच्या वेढ्याला जोडायची. तुकड्या तुकड्यानं तापवायचं, थोडंच अंतर जोडायचं, परत भट्टीत. बुडाकडे, जिथं काडतूस बसतं तिथं, पट्टी जाड, तोंडाकडे पातळ.

कुरळ्या रेषा कुठून येतात ते आता बघ. पीळ भरलेली कांब बाहेरून पाहिली तर अंगावर नुसत्या तिरक्या रेषा असतात. पण तीच कांब कानशीनं निम्म्यापर्यंत घासत नेली की रेषा वाकायला लागतात, आणि मध्याजवळ गेलं की त्यांचे वळसे होतात. नळी तयार झाल्यावर बाहेरून भरपूर धातू घासून काढायचे, म्हणून हे वळसे वर आले. म्हणजे किती खोल घासलं त्यावर पण नक्षी ठरते. करणाऱ्याला पट्टी गुंडाळतानाच माहीत पाहिजे की शेवटी कुठला थर उघडा पडणार आहे. हे वाटतं तेवढं सोपं नाही, मी पट्ट्या जोडून पीळ भरायचा प्रयत्न आमच्या शॉपमध्ये केलाय, आणि एकसारखा पीळ येणं हेच मुळात अवघड काम आहे, कांब जिथं जास्त तापलेली असेल तिथं पीळ दाट होतो आणि जिथं थंड तिथं विरळ. तुझ्या नळीवर वळसे ओळीनं एकसारखे आहेत म्हणतोस ना, मग ती सबंध कांब एकाच रंगाची तापवणारा माणूस किती तयारीचा असेल विचार कर. थर्मामीटर नाही काही नाही, नुसती नजर.

आणि अजून एक गोष्ट, जी या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. पोलादात कार्बन जास्त, म्हणून ते लोखंडापेक्षा कमी उष्णतेला जळतं. लोखंड जोडायला जेवढी आच लागते तेवढ्यात पोलादाच्या ठिणग्या उडायला लागतात, आणि ठिणग्या उडाल्या की ते पोलाद गेलं. म्हणजे दोघांना एकत्र जोडायला आचेची अगदी अरुंद जागा मिळते, जरा खाली तर जोड कच्चा, जरा वर तर पोलाद जळालं. आमचे आजोबा बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा सांधा भट्टीत जोडायचे, तो एक सांधा पक्का बसला का नाही यावर सगळं गाव त्यांची पारख करायचं. इथं एका नळीत सांधेच सांधे, आणि त्यातला एक जरी कच्चा राहिला तर तो बार उडवणाऱ्याच्या डाव्या हाताखाली उघडणार, कारण नळी तिथंच धरलेली असते.

म्यूझकाठ

वरचं उत्तर वाचून फार आनंद झाला, इतकं नेमकं मराठीत कुठं वाचलं नव्हतं. मी कामानिमित्त बेल्जियममध्ये राहतो आणि लिएज शहर माझ्यापासून जवळ आहे, म्हणून जागेबद्दल थोडी भर घालतो, कारण तुमची बंदूक बहुधा तिथलीच किंवा बर्मिंगहॅमची असणार. वर सांगितल्या तशा पीळ भरून जोडलेल्या नळ्यांनाही दमास्कसच म्हणतात, आणि या दमास्कस नळ्यांची एकोणिसाव्या शतकातली मोठी केंद्रं हीच.

लिएजला म्यूझ नदी आहे आणि तिला पूर्वेकडून वेद्र नावाची छोटी नदी येऊन मिळते (ती आधी ऊर्त नदीत शिरते, असो). या वेद्रच्या खोऱ्यात नेसोंवो, त्रोझ, फ्रेपाँ अशी गावं आहेत आणि नळ्या घडवण्याचं काम मुख्यतः याच गावांत चालायचं, शहरात नाही. कारण सरळ आहे, नदीला उतार आहे, पाणचक्कीवर मोठे हातोडे, बरमे आणि घासायचे दगड फिरायचे, आणि दगडी कोळसा तर लिएजच्या आसपास होताच. नळी इथं घडायची आणि मग शहरात जायची, तिथं दुसरे कारागीर दोन नळ्या जोडायचे, तिसरे कुलूप म्हणजे घोड्याची यंत्रणा करायचे, चौथे लाकडाचा दस्ता, पाचवे कोरीवकाम. प्रत्येक जण आपल्या घरी किंवा छोट्या कारखान्यात. बंदुकीवर नाव मात्र शेवटी विकणाऱ्याचं. नळी घडवणाऱ्याची खूण असलीच तर लाकडाखाली झाकलेली, बारीक आद्याक्षरं. मला ही गोष्ट फार लागते, सगळ्यात अवघड काम ज्याचं त्याचं नाव सगळ्यात लपलेलं.

नक्ष्यांना तिथं नावं होती. तुम्ही सांगताय तशा कुरळ्या नक्षीला क्रोल म्हणतात. बेर्नार नावाची एक नक्षी आहे ती पॅरिसच्या लेओपोल बेर्नार या नळीकाराच्या नावावरून. बोस्टन, वॉशिंग्टन अशी पण नावं होती, कारण अमेरिकेत प्रचंड माल जायचा, पार्करसारखे अमेरिकन बंदूकवाले दमास्कस नळ्या युरोपातूनच मागवायचे. नेसोंवोच्या हझ-लमोआन या नळीकाराचं नाव जाणकार आजही आदरानं घेतात. काही कारागिरांनी तर थर असे रचले की नळीवर नक्षीतच अक्षरं उमटली, म्हणजे अक्षर वरून खोदलेलं नाही, पट्टीच्या आत रचलेलं आणि पार नळीभर फिरत गेलेलं. लिएजच्या ग्राँ कुर्तियुस संग्रहालयात शस्त्रांचा मोठा विभाग आहे, इकडे कुणी आलात तर पॅरिस-ब्रुसेल्सच्या धावपळीतून एक दिवस काढा आणि बघाच.

इंग्लंडमधली एक पद्धत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथं जुन्या काळी घोड्याच्या नालाच्या झिजलेल्या खिळ्यांपासून नळ्या करायचे. खिळे गोळा करायचे, धुवून घासून गठ्ठा करायचा आणि तापवून एकजीव करायचा. समजूत अशी की नालाचा खिळा आधीच उत्तम लोखंडाचा असतो आणि वापरात ठोकून ठोकून तो अजून चिवट होतो. जुन्या इंग्लिश ठासणीच्या बंदुकांवर हे असतं. यंत्राचे खिळे आले तसं ते लोखंड मिळेना.

बखर_वाचक

चर्चा चांगली चाललीय पण वुट्झचा मुद्दा राहिला, आणि तो महत्त्वाचा आहे कारण आपल्याकडे हे दोन्ही सर्रास एकच समजतात.

वुट्झ म्हणजे मुशीतलं पोलाद. तेलंगणातलं कोनासमुद्रम, कर्नाटक, तमिळनाडू या भागात मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि वनस्पतीचा कार्बन घालून ते वितळवायचे आणि अतिशय सावकाश थंड करायचे. तो गोळा मग कमी आचेवर हळूहळू ठोकून त्याची तलवार. त्यावरचं पाणी, म्हणजे ती लाटांसारखी नक्षी, ही पोलादाच्या आत कार्बाइडचे कण ओळीनं जमल्यामुळे येते. तिथं दोन धातू जोडलेलेच नसतात, एकाच गोळ्यातून आपोआप येतं. बंदुकीच्या नळीवरचं दमास्कस म्हणजे दोन वेगळे धातू माणसानं रचून, पिळून, जोडून केलेलं. दिसायला भाऊ वाटतात पण दोन्हींचा जन्म पूर्ण वेगळा. त्यामुळे गावातल्या त्या काकांना सांगा की आपल्या वुट्झचा अभिमान जरूर बाळगा पण ही ती वस्तू नव्हे.

पण म्हणून भारताचा यात हात नाही असं मुळीच नाही, उलट हेच सांगायला मी लिहायला बसलो. आईन-इ-अकबरीत अबुल फझलनं बंदुकांवर वेगळं प्रकरण दिलंय. त्यात तो म्हणतो की पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या दोन कडा एकमेकींना लांबीनं जोडायचे आणि नळी करायचे, अशा नळ्या फुटायच्या, माणसं मरायची, आणि म्हणून नळीत दारू जेमतेम पाव भागच भरता यायची. अकबराच्या कारखान्यात लोखंड चपटं करून कागदाच्या गुंडाळीसारखं तिरकं पिळत न्यायचे, आणि कडा एकमेकींना नुसत्या भिडवायच्या नाहीत तर एकीवर एक चढवून हळूहळू तापवून जोडायच्या. अशी नळी तोंडापर्यंत दारू भरून उडवली तरी फुटत नाही असं तो लिहितो. ही सोळाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट आहे. नळ्या साफ करायला एक चक्र केलं होतं, एका वेळी १६ नळ्या, आणि ते फिरवायला गाय-बैल जुंपायचे, हे पण त्यातच आहे. अकबराची स्वतःची लाडकी बंदूक संग्राम, १५६८ साली चितोडच्या वेढ्यात किल्ला लढवणाऱ्या जयमल राठोडवर जी गोळी झाडली ती हिच्यातून.

तर तिरकी पट्टी गुंडाळून नळी करायची अक्कल इथं पक्की मुरलेली होती. तुर्कस्तान, इराण, हिंदुस्थान या पट्ट्यात पीळ भरलेल्या नळ्या युरोपच्या आधीपासून होत होत्या आणि तुर्कांच्या नळ्या बघून युरोपातल्या कारागिरांनी हे काम उचललं असं मानतात. आपल्या संग्रहालयांत तोड्याच्या (जळत्या वातीनं बार काढायच्या) लांब बंदुका असतात, लोक त्यांचा चांदीचा आणि हस्तिदंताचा साज बघून पुढं जातात. पुढच्या वेळी नळीकडे बघा, काहींवर अजून पीळ दिसतो. ज्या काचेवर बोट ठेवून लोक साजाचे फोटो काढतात तिथंच खाली आपल्या लोहारांचं खरं काम पडलेलं असतं आणि पाटीवर त्याबद्दल एक ओळसुद्धा नसते. ही पाटी बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ऐरणीजवळचा

बखर सरांनी मोठी गोष्ट सांगितली. त्याला जोडून का ते सांगतो, म्हणजे तिरकी का गुंडाळायची. बार उडाला की आतला दाब नळीला सगळ्या बाजूंनी फुगवतो. गोल नळीत हा जो घेराच्या दिशेचा ताण असतो तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट, हे आयटीआयमध्ये बॉयलर शिकवताना पण सांगतात. आता सांधा लांबीनं सरळ असेल तर सगळा ताण त्या एका सांध्यावर, तो उकलणारच. शिवाय जुनं भट्टीचं लोखंड आजच्या एमएस म्हणजे माइल्ड स्टीलसारखं एकजिनसी नसतं, त्यात मळीचे धागे असतात, लाकडाला रेषा असते तशी त्याला रेषा असते आणि रेषेच्या दिशेनं ते चिवट. पट्टी गुंडाळली की ही रेषा नळीच्या घेराभोवती फिरते, म्हणजे जिथं ताण जास्त तिथंच धातूचा जोर. कांबीला पीळ भरला की थर अजून एकमेकांत गुंततात आणि एखादी खोट असलेली जागा सबंध पट्टीभर सरळ धावत नाही.

म्हणजे माणदेशी भावा, ती नक्षी शोभेसाठी सुरू झालेली नाही. आधी मजबुतीचा विचार, मग लोकांना ती दिसायला आवडली, आणि मग लिएजवाल्यांनी तिचं सोनं केलं.

माणदेशी_गडी

मंडळी हे सगळं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, वडील पहिल्यांदाच इतका वेळ बंदुकीवर बोलले. सगळ्यांचे मनापासून आभार.

म्यूझकाठ दादांनी खुणा लाकडाखाली असतात सांगितलं म्हणून वडिलांनी पुढचं लाकूड काढलं आणि नळ्या उघडल्या. बुडाजवळच्या सपाट भागावर खुणा आहेत. एका लंबगोलात ईएलजी अशी अक्षरं, खाली चांदणी आणि वर मुकुट. चौकटीसारख्या तिरक्या चौकोनात १२ आणि सी. अजून एक खांबासारखं चित्र आहे. नक्षी लाकडाखाली पण आहे आणि तिथं ती वरच्यापेक्षा खूप स्पष्ट, तपकिरी आणि पांढरट अशी. दोन प्रश्न आहेत. हिचं वय किती असेल, आणि ही आता चालवता येईल का? चुलत भावाचं म्हणणं आहे की दसऱ्याला एक बार काढू.

म्यूझकाठ

मग ती लिएजचीच. ईएलजी ही लिएजच्या प्रूफ हाऊसची खूण, हे प्रूफ हाऊस १६७२ पासूनचं आहे आणि आजही चालू आहे. तिथं प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त दारू घालून उडवून बघायचे, टिकली तर शिक्का. खांब दिसतोय तो पेरों, लिएज शहराचं चिन्ह. ईएलजीवरचा मुकुट १८९३ पासून आला, म्हणजे तुमची बंदूक त्यानंतरची. आणि दमास्कसचा हा धंदा पहिल्या महायुद्धानं मोडला, १९१४ मध्ये जर्मन सैन्य सगळ्यात आधी लिएजवरच आलं, त्यामुळे बहुतेक करून १८९३ ते १९१४ या मधल्या काळातली धरा.

आता तुम्हीच एक गोष्ट परत बघा. सिंहाचं छोटं चित्र आणि त्याखाली पीव्ही अशी अक्षरं आहेत का? १८९८ पासून ज्या नळ्या बिनधुराच्या दारूनं तपासल्या त्यांच्यावर हा शिक्का असतो. नसेल तर ती फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली आहे.

माणदेशी_गडी

भिंग लावून बघितलं. सिंह नाही, पीव्ही पण नाही.

बारा_बोअर_सांगली

मी क्लबवर क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरायचा खेळ) करतो, जुन्या दुनळ्या बऱ्याच हाताळल्यात, त्यामुळे या भागाचं मी स्पष्ट लिहितो. चालवायची नाही. चुलत भावाला पण सांगा.

दमास्कस म्हणजे कमजोर असा सरसकट समज आहे तो खरा नाही, हे आधी त्या कारागिरांच्या बाजूनं सांगतो. १८९१ साली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसनं तऱ्हेतऱ्हेच्या नळ्यांची दारू वाढवत वाढवत चाचणी घेतली, त्या वेळचा नामांकित बंदूककार ग्रीनर यानं ती आपल्या ग्रंथात दिलीय, आणि त्यात इंग्लिश थरांच्या पोलादाची तीन कांबींची नळी अख्ख्या पोलादाच्या नळ्यांच्या पंगतीत अगदी वर बसली. नव्या नळीची ही गोष्ट. पण तुमच्या नळीला शंभरच्या वर वर्षं झालीत. काळ्या दारूची राख ओल धरते, बार काढल्यावर गरम पाण्यानं नीट धुतली नाही तर आतून गंज खातो, आणि दमास्कसमध्ये हा गंज जोडांच्या रेषेनं आत शिरू शकतो, वरून काही दिसत नाही. शंभर वर्षांत कुणी किती वेळा ती धुतली आणि कुणी नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. कुणी आतून घासून गुळगुळीत केली असेल तर भिंत पातळ झालेली असणार.

दुसरं, काडतूस. आज दुकानात मिळतं ते बिनधुराच्या दारूचं आणि बहुतेक ७० मिमीचं. त्या काळातल्या बऱ्याच लिएजच्या बंदुकांचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, ६५ मिमीचं असतं. लांब काडतूस बसतं व्यवस्थित, तीच तर फसगत आहे, पण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो.

तिसरं, समारंभात इतरांच्या जिवाला धोका होईल असा बार काढणं शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरळ गुन्हा आहे, आनंदाच्या प्रसंगी केलेला गोळीबार म्हणून वेगळं कलमच घातलंय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वडिलांचं लायसन्स पण धोक्यात येईल. पूजेत मांडा, फुलं वाहा, बार नको.

आणि ब्लूइंगबद्दल, हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून ठळक सांगतो. आजकाल दुकानात करतात ते गरम क्षाराच्या टाकीतलं ब्लूइंग. दोन नळ्यांच्या मधली पट्टी कथलाच्या झाळणानं (सोल्डरनं) बसवलेली असते आणि तो गरम क्षार झाळण खातो. बंदूक काळी होऊन येईल आणि काही महिन्यांत मधली पट्टी सुटेल. नक्षी जाईल ते वेगळंच. या नळ्यांना रंग द्यायची मूळ रीत गंजाचीच आहे, पातळ आम्ल लावून ओलसर जागी हलका गंज चढू द्यायचा, बारीक तारेच्या ब्रशनं उतरवायचा, परत लावायचं, असं अनेक वेळा. लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरतात म्हणून थर उठून दिसतात. तुमच्या लाकडाखाली जो तपकिरी-पांढरट रंग राहिलाय तो मूळ कारखान्यातला. तो तसाच राहू दे.

गावकूस

मधेच विचारतो, माफ करा. आमच्याकडे पण अशीच नक्षीची एक आहे पण मला कुणीतरी सांगितलं की छापील नक्षी पण असायची. हे खरं का?

म्यूझकाठ

खरं आहे. दमास्कसला मागणी होती तेव्हा साध्या पोलादाच्या स्वस्त नळ्यांवर आम्लानं नक्षी उठवून विकायचे, बेल्जियममधूनच पुष्कळ गेल्यात. ओळखायला सगळ्यात सोपं म्हणजे लाकूड काढून खालची बाजू बघा. छापील नक्षी बऱ्याचदा दिसणाऱ्या भागापुरती असते आणि तोच तुकडा परत परत येतो. खऱ्या नळीत नक्षी खालून, बाजूनं, सगळीकडे असते, आणि नीट बघितलं तर पट्टीचा तिरका सांधा नळीभोवती फिरत फिरत तोंडापर्यंत गेलेला सापडतो. प्रत्येक वेढ्यात वळसे थोडे वेगळे असतात, हातानं पिळलेले असल्यामुळे.

ऐरणीजवळचा

माणदेशी भावा एक काम कर. लाकडाखाली जिथं नक्षी स्पष्ट आहे तिथं पट्टीच्या एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत किती रांगा आहेत वळशांच्या ते मोज. एक रांग म्हणजे एक कांब. आणि शेजारच्या रांगा एकमेकींच्या उलट वळल्यात का ते पण बघ. तेल मात्र हलकं लाव, पातळ मशीनचं, आणि जाड कापडानं रगडू नको, जुना धुतलेला सुती पंचा बरा.

माणदेशी_गडी

मोजल्या. तीन रांगा आहेत. मधली रांग एका अंगाला वळलीय आणि दोन्ही कडेच्या तिच्या उलट. तुम्ही सांगितल्यावर दिसलं, त्याआधी मी ते नुसतं बघत होतो. धाकटी बहीण पण आता भिंग घेऊन बसलीय.

ऐरणीजवळचा

तीन कांबींची क्रोल. चांगलं काम आहे, साधं नाही. आता शक्य झालं तर दोन्ही नळ्यांचा पट्टीचा फेर एकाच बाजूला जातो का डावी-उजवी वेगळी हे बघ, आणि उन्हात तिरका धरून लाकडाखालच्या भागाचा मोठा फोटो टाक, फ्लॅश नको. नंबर आणि नाव झाकून टाक म्हणजे लायसन्सचं काही बाहेर जायला नको. आमच्या शॉपमधल्या पोरांना दाखवायचाय, त्यांना मी पुढच्या आठवड्यात पट्ट्या जोडायला शिकवणार आहे.